दहा सेकंदांचे स्वगत : अभियोग, आत्मनिवेदन आणि रंगभूमी

माणसाला जी गोष्ट सर्वांत दुबळे करते ती दुसऱ्याच्या कानावर गेली तर त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच धर्मविचाराचा आणि कलाविचाराचाही आहे. अशी गोष्ट उघड होण्याची ठिकाणे मुख्यतः तीन दिसतात. एक समाजाचा निवाडा, जिथे ती कबुलीजबाब म्हणून वदवून घेतली जाते; दुसरे देवाचे सान्निध्य, जिथे ती आपणहून सांगितली जाते आणि जिथल्या सांगण्याला भक्तिशास्त्राने आत्मनिवेदन असे नाव दिले आहे; आणि तिसरे कलेचे क्षेत्र, विशेषतः रंगभूमी, जिथे एका कल्पित व्यक्तीचे खासगी दुःख शेकडो अनोळखी माणसांसमोर मांडले जाते. पहिल्या दोन ठिकाणांमधील भेद सहज ध्यानात येतो. तिसऱ्याचे स्थान मात्र संशयाचे आहे, कारण नाटकाचा प्रेक्षकही परक्याची मानहानी टक लावून पाहतो, त्यासाठी तिकीट काढतो आणि प्रयोग रंगला म्हणून समाधानाने घरी जातो. मग चव्हाट्यावर जमलेल्या घोळक्यात आणि नाट्यगृहातील प्रेक्षकवर्गात नैतिक फरक कोणता, आणि असलाच तर तो कशामुळे पडतो, याचा विचार विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या आधाराने करता येतो; किंबहुना मराठीत तो या नाटकाला वगळून करताच येणार नाही.

‘रंगायन’ या संस्थेने १९६७ मध्ये हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लोकशिक्षणासाठी न्यायालयाची नक्कल करून दाखवण्याचा, प्रयोग करायला एका गावात येते. रात्रीच्या प्रयोगात अण्वस्त्रे बनवल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला चालायचा आहे. दुपार मोकळी आहे, गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला ऐनवेळी साक्षीदाराचे काम करायचे आहे आणि त्याने आजवर न्यायालय पाहिलेले नाही. तेव्हा त्याला कळावे म्हणून लुटुपुटीचा एक खटला चालवून पाहू, असे ठरते. आरोपी म्हणून बेणारेला उभे केले जाते आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा. खेळ पुढे सरकतो तशी त्यातली लुटुपुट आटत जाते. बेणारे अविवाहित असून गरोदर आहे, मुलाचा बाप असलेला विवाहित प्रोफेसर दामले याच मंडळीतला आहे पण आज आलेलाच नाही, आणि पोटातल्या मुलाला बापाचे नाव मिळावे म्हणून तिने मंडळीतल्याच पुरुषांपुढे लग्नाची गोष्ट काढली होती, हे एकेका साक्षीतून बाहेर येते. अण्वस्त्रांसारख्या जगड्व्याळ प्रश्नावर न्याय करायला निघालेली माणसे वाटेत, रिकामा वेळ घालवण्यासाठी, शेजारी बसलेल्या एका बाईचे आयुष्य उद्ध्वस्त करतात.

येथे सामाजिक दडपणाचे जे रूप दिसते ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे, कारण त्यात पोलीस नाहीत, जातपंचायत नाही, बहिष्काराचे पत्रक नाही. आहे ते केवळ बोलणे, कोपरखळ्या, अर्धवट राहिलेली वाक्ये, हसणे आणि पान-विडीच्या गप्पा. ज्यांना रोज एकमेकांची तोंडे पाहायची आहेत अशा माणसांमध्ये हे दडपण तयार होते आणि म्हणूनच त्यापासून पळून जायला जागा राहत नाही. तेंडुलकरांनी याहून एक खोल गोष्ट हेरली आहे : दडपण आणणारे सगळेच स्वतः कुठे ना कुठे हरलेले आहेत. सुखात्मे वकील आहे, पण त्याच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतो, पण इंटरला नापास झालेला आहे. कर्णिक स्वतःला जाणता नट समजतो, पण त्याचे नाव झालेले नाही. काशीकर पतिपत्नींना मूल नाही. बाळू रोकडे त्यांच्या आश्रयाने वाढला आणि अजून त्यांच्या धाकात आहे. पहिल्या अंकात बेणारेच हे सारे सामंताला हसतखेळत सांगते. तेव्हा तिच्या हसण्यात थोडा निष्ठुरपणाही आहे आणि नाटककाराने तो झाकलेला नाही. दुबळ्या माणसाला आपले दुबळेपण विसरण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपल्याहून उघड्या पडलेल्या माणसाविरुद्ध एकत्र येणे, आणि त्या दुपारी या मंडळींच्या हाती नेमका तो उपाय लागतो. न्यायाधीशाची खुर्ची, वकिलाचा झगा, साक्षीदाराची शपथ यांनी त्यांना जी ओळख मिळते ती त्यांच्या रोजच्या आयुष्याने कधीच दिलेली नव्हती.

ओळख दुसऱ्याच्या नजरेतून घडते, हा विचार फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र यांनी ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या १९४३ च्या ग्रंथात लज्जेच्या विश्लेषणातून मांडला. कुलपाच्या भोकातून आत डोकावणारा माणूस जोवर एकटा असतो तोवर त्याला स्वतःचे भान नसते. मागे पावले वाजली की तो एकदम ‘डोकावणारा’ होतो, आणि ही नवी ओळख त्याला नको असली तरी नाकारता येत नाही. सार्त्र यांच्या मते लज्जा म्हणजे दुसऱ्याला जो दिसतो तो मीच आहे, ही कबुली. हे विश्लेषण मार्मिक आहे, परंतु अपुरे आहे, कारण त्यातील बघणारा आणि बघितला जाणारा हे दोघे जणू रिकाम्या मार्गिकेत भेटलेले सारखेच माणूस आहेत. बेणारेच्या बाबतीत बघणाऱ्यांच्या पाठीशी सारी रूढी उभी आहे. दामलेकडे पाहायला मात्र कुणी तयार नाही आणि साक्षीदार म्हणून त्याचे नाव पुकारले गेले तरी त्याची गैरहजेरी कुणाला खुपत नाही. नजर कुणाची, एवढाच हा प्रश्न नाही. ती कुणाकडे वळते आणि कुणाला चुकवते, हाही आहे.

फ्रीडरिश ड्युरेनमाट यांच्या १९५६ मधील ‘दी पाने’ या जर्मन कथेशी या नाटकाचे साम्य असल्याची चर्चा पूर्वी बरीच झाली. त्या कथेत निवृत्त कायदेपंडित गंमत म्हणून एका फिरत्या विक्रेत्यावर खटला चालवतात आणि आपण खुनी आहोत ही कल्पना त्या सामान्य माणसाला इतकी मोठेपणाची वाटते की तो अपराध आनंदाने स्वीकारतो. येथे साम्य संपते. त्याला आरोपातून ओळख मिळते. बेणारेची होती ती ओळख, वर्गात वेळेवर हजर राहणारी, मुलांची आवडती, मनमोकळी शिक्षिका ही ओळख, आरोपाने हिरावून घेतली जाते.

या अभिरूप न्यायालयाची घडण जवळून पाहिली तर न्यायाच्या प्रत्येक अंगाची त्यात मोडतोड झालेली दिसते. फिर्यादी पक्षाचा वकील आणि आरोपीचा वकील ही दोन्ही कामे एकटा सुखात्मेच करतो. आरोपीच्या बाजूने बोलायची वेळ येते तेव्हा तो जागा बदलून, चेहरा पाडून उभा राहतो. न्यायाधीश काशीकर न राहवून आसनावरून उतरतो आणि स्वतःच साक्ष देतो. बेणारेला शाळेतून काढून टाकण्याचा निर्णय झाल्याचे त्याच्या कानावर आलेले असते आणि ते सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही. सर्वांत अस्वस्थ करणारी साक्ष सामंताची आहे. त्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्या मनात वाईट काही नाही. साक्ष तर द्यायची म्हणून तो वाचत असलेल्या एका कादंबरीतला प्रसंग दामलेच्या दाराशी घडल्यासारखा सांगतो, आणि ते रचलेले सत्याच्या इतके जवळ जाते की बेणारेचा तोल सुटतो. ती निघून जायला दाराशी धावते, तर कडी बाहेरून अडकलेली असते. याच दाराच्या कडीत आत येताना तिचे बोट चेमटले होते. समाजाच्या निवाड्याला पुराव्याची गरज नसते. सामान्य कादंबऱ्यांनी एकट्या स्त्रीची जी गोष्ट हजारदा सांगून ठेवलेली असते तीच पुराव्याचे काम करते. यात कलेवरही ठपका येतो आणि तो टाळू नये. जी कथा एका ठिकाणी माणसाला समजून घेते, तिचीच जातभाई असलेली दुसरी कथा त्याच माणसाविरुद्ध साक्षीला उभी राहू शकते.

धर्माची भाषा या खटल्यात वारंवार येते. मातृत्वाच्या पावित्र्याचा घोष होतो, आई स्वर्गाहून थोर असल्याचे दाखले दिले जातात, मुलींची लग्ने लहानपणीच उरकण्याची जुनी चाल बरी होती असेही काशीकर सुचवतो. धर्मशास्त्रात भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत होते आणि बेणारेवर आरोपही त्याच पातकाचा आहे. परंतु साक्षींमधून सिद्ध होते ते नेमके उलटे, की तिला ते मूल हवे आहे आणि त्याला जगवण्यासाठी ती अपमान गिळून पुरुषांच्या दारात उभी राहिली. हे ऐकून न्यायालय जो निकाल देते तो असा की आरोपीने जगावे, पण तिच्या पोटातील गर्भ नष्ट केला जावा. आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षाही भ्रूणहत्येची, हा विरोध काशीकराच्या लक्षात येत नाही, इतरांच्याही येत नाही. १९६७ च्या कायद्याकडे पाहिले तरी हा विरोध तितकाच ठळक आहे : भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमानुसार स्त्रीचा जीव वाचवण्याच्या सद्हेतूशिवाय गर्भपात घडवणे हा गुन्हा होता आणि गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा १९७१ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. म्हणजे संस्कृतीच्या नावाने बसलेले हे न्यायालय धर्मशास्त्राच्या दृष्टीने पातक आणि देशाच्या कायद्याने गुन्हा असलेली कृती शिक्षा म्हणून सुनावते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : अशा निवाड्यात धर्म हा निकष नसतोच, तो निकाल ठरल्यानंतर पांघरायचा झगा असतो. ज्यांना धर्माविषयी आस्था आहे त्यांनी या नाटकावर रागावण्याऐवजी हा विटंबनेचा भाग आधी ओळखायला हवा होता.

याच मातीत उघडे होण्याची दुसरी रीतही आहे. आत्मनिवेदन हा नवविधा भक्तीचा नववा आणि शेवटचा प्रकार. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकाचा नववा समास त्यालाच दिला आहे. आत्मनिवेदन म्हणजे स्वतःला पूर्णपणे देवाला अर्पण करणे, ज्यात मागे ठेवण्यासारखे, झाकण्यासारखे काही उरत नाही. वारकरी संतांच्या अभंगांत, विशेषतः स्त्रियांच्या अभंगांत, या निवेदनाला रोजच्या जगण्याचा आणि शरीराचा ठाव मिळाला. नामदेवांच्या घरी दासी असलेली जनाबाई दळणकांडण, शेणगोठा यांच्यासकट विठ्ठलाशी बोलते आणि डोईवरचा पदर ढळल्याची लाज बाजूला सारून भर बाजारात जाण्याची भाषा करते. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई विटाळाचा प्रश्न थेट देहापाशी आणते आणि विटाळावाचून कुठला देह जन्माला आला, असा तिचा रोकडा सवाल आहे. सतराव्या शतकातील बहिणाबाई ब्राह्मण घरातली. तुकोबांना गुरू मानले म्हणून पतीने तिला मारहाण केली, आणि ते सगळे तिने आत्मचरित्रपर अभंगांत लपवाछपवी न करता सांगितले. या तिघींच्या शब्दांत जे उघड झाले आहे ते गावच्या पंचांपुढे उघड झाले असते तर त्याचे रूपांतर आरोपात झाले असते. शब्द तेच, देह तोच. बदलतो तो ऐकणारा. विठ्ठल ऐकतो, पण शिक्षा सुनावत नाही, आणि ऐकणारा शिक्षा सुनावणार नाही एवढ्या विश्वासावरच दुबळेपणाची वाणी होऊ शकते. बेणारेला असा श्रोता मिळत नाही.

तरीही भक्तीच्या या श्रवणाला मर्यादा आहे आणि ती भावनेच्या भरात विसरली जाते. देवाने ऐकले म्हणून गाव बदलले नाही. चोखोबांना मंदिराच्या बाहेरच राहावे लागले, त्यांची समाधी महाद्वारी नामदेव पायरीजवळ आहे, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबांचा मृत्यू १३३८ मधला; मधली सहा शतके त्यांचे अभंग तोंडपाठ असलेली माणसे त्याच दारातून आत जात राहिली. ऐकणारा निवाडा करत नाही हे मोठे आहे. पण ऐकून जो बदलत नाही त्याच्या ऐकण्याने ज्याचे दुःख त्याला जगात जागा मिळत नाही.

तिसऱ्या ठिकाणाचा, म्हणजे रंगभूमीचा, विचार येथून पुढे करावा लागतो. संस्कृत काव्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली : नाटकातील भाव विशिष्ट व्यक्तीचा न राहता सर्वसाधारण होतो, तो प्रेक्षकाला ना ‘माझा’ वाटतो, ना ‘शत्रूचा’, ना ‘तिऱ्हाइताचा’, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे समोरचे सुखदुःख आपले किंवा अमक्याचे अशा ठरावीक देशकालाच्या चौकटीत अडकून बसणे, आणि दुसरे म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या आहारी जाणे. ही विघ्ने दूर झाली की प्रेक्षकाची नजर चोरटी राहत नाही, कारण तिच्यातून लोभ, मत्सर आणि कुतूहल गळून गेलेले असतात. चव्हाटा आणि नाट्यगृह यांतील फरकाचे हे भारतीय परंपरेने दिलेले सर्वांत समर्थ उत्तर आहे.

तेंडुलकरांच्या नाटकाला हे उत्तर सरळ लागू होत नाही, आणि या नाटकाचे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्व त्यातच आहे. हे नाटक विघ्ने दूर करत नाही, ती वाढवते. पहिल्या दोन अंकांत प्रेक्षक मनमुराद हसतो, बेणारेच्या खासगी आयुष्यात आता काय निघणार याची उत्कंठा त्याला लागते, मुलाचा बाप कोण याचा तो मनाशी अंदाज बांधू लागतो. काशीकर, सुखात्मे यांना जे कुतूहल आहे तेच त्याला आहे, फक्त तो अंधारात बसलेला आहे. मग निकालापूर्वी आरोपीला बोलायची संधी दिली जाते, काशीकर घड्याळ पुढे धरून दहा सेकंदांचा अवधी देतो, आणि इतर सारी पात्रे जागच्या जागी गोठलेली असताना बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते. आपल्या देहाविषयी, कोवळ्या वयात सख्ख्या मामावर केलेल्या प्रेमाविषयी, मरायला निघाल्याविषयी, ज्याच्या बुद्धीची पूजा केली त्याने केवळ देहच घेतल्याविषयी, आणि येऊ घातलेल्या मुलाविषयी ती बोलते. न्यायालयाच्या घड्याळात यातले एक अक्षर उमटत नाही. तिथे ती दहा सेकंद गप्प आहे. स्वगत ऐकले ते फक्त प्रेक्षकाने, आणि ऐकले तेव्हा त्याच्या ध्यानात येते की इतका वेळ तो ज्या बाजूला बसला होता ती बाजू गोठलेल्यांची होती.

या क्षणी प्रेक्षकाच्या मनात जे उत्पन्न होते त्याला केवळ करुण रस म्हणणे अपुरे आहे. त्यात लाज मिसळलेली आहे. भरताच्या शास्त्रात व्रीडा, म्हणजे लज्जा, ही तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे. हे भाव येतात आणि जातात, मुख्य भावाला पोसतात, पण त्यांचा स्वतंत्र रस होत नाही. शिवाय तिथे व्रीडा पात्राची असते. या नाटकात ती प्रेक्षकाची स्वतःची होते आणि साधारण होण्याचे नाकारते, कारण ‘मीही त्यांच्यासारखाच पाहत होतो’ ही जाणीव ज्याची त्यालाच असावी लागते. रसविचार प्रेक्षकाने स्वतःला विसरावे म्हणतो. येथे त्याला स्वतःची आठवण करून दिली जाते. रंगभूमी चव्हाट्याहून वेगळी ठरते ती प्रेक्षक कोमल मनाचा असतो म्हणून नव्हे, तर उत्तम नाटक त्याच्याकडून न्यायाधीशाचे आसन काढून घेऊ शकते म्हणून. जे नाटक ते आसन त्याच्यापाशीच राहू देते आणि वर त्याच्या डोळ्यांत पाणीही आणते, ते चव्हाट्याचेच सुधारलेले रूप समजले पाहिजे, मग त्याचा विषय कितीही पुरोगामी असो.

निकालानंतर मंडळी बेणारेला समजावतात की हा नुसता खेळ होता, आणि रात्रीच्या प्रयोगासाठी तयार व्हायला आत निघून जातात. सामंताला तिच्याविषयी खरा कळवळा आहे, संबंध नाटकात एवढा निर्मळ माणूस दुसरा नाही. पण तो वेळेवर एक शब्द बोललेला नाही आणि त्याच्याच साक्षीने फास आवळला गेला. कळवळा आणि धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली असली म्हणजे दुसरी येतेच असे नाही, हे तेंडुलकरांनी या पात्रातून जितक्या शांतपणे दाखवले आहे तितके सुखात्मे-काशीकरांच्या उघड क्रौर्यातून दाखवता आले नसते.

बेणारेचे स्वगत मूळ नाटकातून वेगळे काढून अभिनयाच्या परीक्षांत आणि निवडचाचण्यांत एकट्याने सादर करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, आणि त्यामागचे कारण उघड आहे, कारण एवढे मोठे आव्हान देणारी स्त्रीची भाषणे मराठी नाटकात फारशी नाहीत. परंतु एकटे काढलेले ते स्वगत एका दुःखी बाईची कैफियत तेवढी उरते. ते न ऐकणारी, गोठून बसलेली माणसे समोर नसली की ऐकणाऱ्यालाही स्वतःची जागा दिसत नाही आणि टाळ्या वाजवून तो सुटतो. हे स्वगत शिकवणाऱ्यांनी आणि सादर करणाऱ्यांनी निदान काशीकराची खुर्ची आणि त्याच्या हातातले घड्याळ मंचावर ठेवावे.